‘फिश निगेटिव्ह’ आलं म्हणजे युइंग सार्कोमा नाही, असं समजायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचा १६ वर्षांचा. उजव्या मांडीच्या हाडात गाठ, ती बाहेरच्या स्नायूतही आलेली. बायोप्सीचा रिपोर्ट: ‘मॅलिग्नंट स्मॉल राउंड सेल ट्यूमर, युइंग सार्कोमाची शक्यता जास्त’ (सार्कोमा म्हणजे हाड, स्नायू अशा ऊतींचा कॅन्सर; युइंग हा त्यातला मुलां-तरुणांत होणारा एक प्रकार). सीडी९९ हे पेशीवरचं प्रथिन पॉझिटिव्ह. मग फिश (जनुक तुटलंय का, हे रंगीत दिव्यांनी पाहणारी तपासणी) केलं, त्यात ‘ईडब्ल्यूएसआर१ रीअरेंजमेंट निगेटिव्ह’, म्हणजे त्या नावाचं जनुक तुटलेलं दिसलं नाही. आता ऑन्कॉलॉजिस्ट म्हणतात, ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) आणा, आरएनएवर (जनुकाची पेशीत निघणारी प्रत) एनजीएस, म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकं वाचणारी तपासणी, करू. तुम्ही विचारता, फ्यूजन म्हणजे नेमकं काय, एका तपासणीने ‘नाही’ म्हटल्यावर दुसरी कशाला, आणि हे घराण्यात असेल तर त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करायची का.

आधी सरळ उत्तरं देतो. बहिणीची तपासणी करायचं कारण या रिपोर्टमध्ये नाही. आरएनएची तपासणी उगाच सांगितलेली नाही, मीही तीच सांगितली असती, फक्त तिच्याआधी दोन-तीन स्वस्त गोष्टी उरकून घेतल्या असत्या. आणि ‘फिश निगेटिव्ह’ या दोन शब्दांवरून युइंग नाही असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही. का, ते सांगायला जरा वेळ लागेल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, २८ वर्षं झाली. रुग्ण मला क्वचितच भेटतो, त्याचा तुकडा भेटतो, काचेच्या पट्टीवर, गुलाबी-जांभळ्या रंगात. ‘स्मॉल राउंड सेल’ म्हणजे त्या पट्टीवर जे दिसलं त्याचं वर्णन: लहान, गोल, गर्द जांभळ्या केंद्राच्या पेशी, दाटीवाटीने. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटाचा वरून फोटो काढला तर पांढऱ्या टोप्याच टोप्या दिसतील. कुठली दिंडी कुठली, हे जवळ जाऊन पताका पाहिल्याशिवाय कळायचं नाही. युइंग, ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा, न्यूरोब्लास्टोमा, सायनोव्हियल सार्कोमाचा एक प्रकार, हे सगळे लांबून सारखेच दिसतात. आयएचसी, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, हे त्या पताका पाहणं. सीडी९९ ही त्यातली एक पताका, पण ती एकाच दिंडीची नाही. युइंगमध्ये ती जवळजवळ प्रत्येक पेशीच्या कडेने ठसठशीत उमटते, हे खरं. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही ती तशीच उमटू शकते, आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा असतो. म्हणून पहिली गोष्ट: रिपोर्टवर टीडीटी, डेस्मिन, मायोजेनिन, सायटोकेरॅटिन या इतर दिंड्यांच्या पताकांची नावं आहेत का ते पाहा. नसतील तर एनजीएसच्या आधी ती व्हायला हवीत. दोन-तीन दिवसांचं काम आहे आणि खर्च एनजीएसच्या तुलनेत किरकोळ.

आता फ्यूजन. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या. कधीतरी, कुठल्यातरी एका पेशीत, दोन गुणसूत्रं तुटतात आणि दुरुस्ती करताना पेशी तुकडे चुकीचे जोडते. बहुतेक वेळा अशी पेशी मरते किंवा काहीच होत नाही. पण तुटण्याची जागा नेमकी दोन जनुकांच्या पोटात पडली आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला बसलं, तर नवंच जनुक तयार होतं. त्यालाच फ्यूजन म्हणतात.

यातून कॅन्सर कसा होतो, हे मी गावाकडच्या लोकांना फीडरच्या भाषेत सांगतो. शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते, गावठाणाच्या फीडरला जवळजवळ दिवसभर. विहिरीवरची मोटार शेतीच्या लाइनवर आहे म्हणून पाणी बेताने सुटतं. कोणी तीच मोटार गावठाणाच्या लाइनवर जोडून दिली तर ती रात्रंदिवस चालेल आणि बांध फुटतील. एफएलआय१ हे जनुक म्हणजे ती मोटार: इतर जनुकांना चालू-बंद करणारं, पण स्वतः काही मोजक्या पेशींत, गरजेपुरतंच चालणारं. ईडब्ल्यूएसआर१ म्हणजे गावठाणाची लाइन, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत कायम चालू. ११व्या आणि २२व्या गुणसूत्रांची अदलाबदल झाली की मोटार त्या लाइनवर येते. उपमा इथेच संपते, कारण प्रत्यक्षात मोटारही बदलते. ईडब्ल्यूएसआर१चा पुढचा भाग लागल्यामुळे नवं प्रथिन डीएनएतल्या ज्या भागांना एरवी कुलूप असतं तिथेही जाऊन बसतं आणि ती कुलपं उघडतं.

जेम्स युइंग यांनी या आजाराचं वर्णन १९२१ मध्ये केलं, तेव्हा त्यांना तो रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून आलेला वाटला होता. ११ आणि २२ची अदलाबदल दिसली १९८३ मध्ये. त्यातली दोन जनुकं कोणती हे १९९२ मध्ये ओलिव्हिए डलात्र आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे सात दशकं जगभरचे पॅथॉलॉजिस्ट हा आजार फक्त डोळ्यांनी ओळखत होते, आणि पुष्कळदा बरोबर ओळखत होते. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली ‘मॉलिक्युलर’ म्हटलं की स्लाइड पाहणारा माणूस दुय्यम झाला असं लोकांना वाटतं.

युइंगच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत ईडब्ल्यूएसआर१::एफएलआय१ हे फ्यूजन असतं, साधारण १० टक्क्यांत ईडब्ल्यूएसआर१::ईआरजी, उरलेल्यांत इतर जोड्या. मध्ये दोन टिंबांची जोडी लिहायची पद्धत २०२१ पासूनची. जुन्या रिपोर्टांत आडवी रेघ किंवा तिरकी रेघ दिसेल. अर्थ तोच.

फिश काय करतं? ईडब्ल्यूएसआर१च्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा लावायचा. जनुक अखंड असेल तर दोन दिवे शेजारी-शेजारी, मिळून पिवळट दिसतात. जनुक तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. म्हणून याला ब्रेक-अपार्ट प्रोब म्हणतात. ही तपासणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: हे एक जनुक तुटलंय का? कोणाशी जोडलं गेलं, हे ती सांगतच नाही. तिला विचारलेला प्रश्न चुकला तर तिचं खरं उत्तरही आपल्या उपयोगाचं नसतं.

भाच्याच्या बाबतीत ‘नाही’ येण्याची कारणं कोणती असू शकतात?

एक, युइंगच आहे, पण ईडब्ल्यूएसआर१ऐवजी त्याचा भाऊबंद एफयूएस तुटलाय. एफयूएस::ईआरजी असलेलं युइंग दुर्मीळ असतं, पण असतं. ईडब्ल्यूएसआर१च्या दिव्यांना त्यात काहीच दिसणार नाही.

दोन, युइंगच आहे, ईडब्ल्यूएसआर१ही तुटलाय, पण दिवे फसले. ईआरजीशी जोडणी होते तेव्हा हे विशेष घडतं. २२व्या गुणसूत्रावर ईडब्ल्यूएसआर१ ज्या दिशेने वाचलं जातं त्याच्या उलट दिशेने २१व्यावर ईआरजी वाचलं जातं. साध्या अदलाबदलीने ती जोडणी जमतच नाही, एक तुकडा उलटा फिरून आत घुसावा लागतो. तो तुकडा लहान असला तर लाल-हिरवे दिवे जवळजवळ जागच्या जागीच दिसतात आणि मोजणारा ‘निगेटिव्ह’ लिहितो. त्याची चूक नसते.

तीन, हे युइंग नाहीच. आणि माझं लक्ष तुमच्या प्रश्नात इथेच जास्त गेलं. पूर्वी असे ट्यूमर ‘युइंगसारखे’ या गाठोड्यात टाकले जायचे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या हाडं आणि मऊ ऊतींच्या ट्यूमरांच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली, तिने हे गाठोडं सोडून त्यातले आजार वेगळे मांडले: युइंग, सीआयसी जनुकाच्या बदलाचा सार्कोमा, बीकॉर जनुकाच्या बदलाचा सार्कोमा, आणि ईडब्ल्यूएसआर१ भलत्याच जनुकांशी जोडलेला एक छोटा गट.

यातला बीकॉर::सीसीएनबी३ हा प्रकार २०१२ मध्ये वर्णिला गेला. तो बहुतांशी किशोरवयीन मुलांत, मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त, आणि सहसा हाडात होतो. वय १६, मुलगा, मांडीचं हाड. मी स्लाइड पाहिलेली नाही, त्यामुळे हा अंदाजच, निदान नव्हे. पण माझ्या टेबलावर ही केस आली असती तर बीकॉर, सॅटबी२ आणि सीसीएनबी३ हे आयएचसी मी पहिल्या दिवशी मागवले असते. बीकॉर आणि सीसीएनबी३ दोन्ही जनुकं एक्स गुणसूत्राच्या एकाच आखूड भुजेवर आहेत, मधला पट्टा उलटा फिरला की जोडली जातात. २२व्या गुणसूत्राचा यात काही संबंधच नाही. तिथे दिवे लावून बसलं तर अंधारच दिसणार.

सीआयसीचा प्रकार वेगळा. तो जास्त करून तरुण प्रौढांत आणि हाडापेक्षा मऊ ऊतींत सापडतो, आणि स्वभावाने युइंगपेक्षा वाईट. त्यातलं नेहमीचं फ्यूजन सीआयसी::डक्स४. हे यंत्रालाही चकवतं. डक्स४ हे जनुक ४थ्या आणि १०व्या गुणसूत्रांच्या टोकांजवळ एकसारख्या पुनरावृत्तींच्या रांगेत बसलेलं असतं. एनजीएसचं सॉफ्टवेअर वाचलेले तुकडे जागेवर बसवताना ‘हे नेमकं कुठलं?’ म्हणून गोंधळतं आणि कधीकधी टाकून देतं. म्हणजे महागडी तपासणी करूनही ‘फ्यूजन आढळलं नाही’ येऊ शकतं. अशा वेळी ईटीव्ही४ आणि डब्ल्यूटी१ हे साधे आयएचसी वाचवतात. सीआयसीचा संशय असेल तर तो प्रयोगशाळेला आधी लिहून कळवावा लागतो, म्हणजे ते कच्चा डेटा हाताने उघडून पाहतात.

चार, तुकड्यातच दोष होता. त्याबद्दल पुढे लिहितो, कारण माझ्या मते आपल्याकडच्या निम्म्या गोंधळांचं मूळ तिथे आहे.

याच्या उलट बाजूही ऐका. फिश पॉझिटिव्ह आलं असतं तरी युइंग सिद्ध झालं नसतं. ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक फार मिळून-मिसळून राहणारं आहे. डब्ल्यूटी१शी जोडलं तर डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर, तरुण मुलग्यांच्या पोटात होणारा आणि उपचारांना अत्यंत चिवट. गंमत अशी की यातही ११ आणि २२ याच गुणसूत्रांची अदलाबदल असते, फक्त ११व्यावरची जागा वेगळी. एनआर४ए३शी जोडलं तर एक्स्ट्रास्केलेटल मिक्सॉइड कॉन्ड्रोसार्कोमा, मध्यमवयीन माणसात वर्षानुवर्षं रेंगाळणारा. एटीएफ१शी जोडलं तर क्लिअर सेल सार्कोमा. या सगळ्यांत लाल-हिरवे दिवे अगदी तसेच फाकतात.

क्लिअर सेल सार्कोमाने मला एकदा धडा शिकवलाय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तिशीतल्या बाईंच्या टाचेजवळची गाठ आली. एस१०० पॉझिटिव्ह, एचएमबी४५ पॉझिटिव्ह, दोन्ही मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरात दिसणाऱ्या पताका. मी मेलानोमा लिहून मोकळा झालो. त्वचेवर कुठेच डाग नव्हता, गाठ खोल स्नायुबंधाला चिकटलेली होती, हे सर्जनने मागणीपत्रावर लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. तीन वर्षांनी दुसऱ्या शहरात पुन्हा तपासणी झाली तेव्हा ईडब्ल्यूएसआर१::एटीएफ१ निघालं. मेलानोमात हे फ्यूजन नसतं. तेव्हापासून टाच, घोटा, पाऊल आणि खोल गाठ हे शब्द एकत्र दिसले की मी सही करायच्या आधी थांबतो.

आणि आता सगळ्यात अवघड गोष्ट, जी डॉक्टरांनाही पचायला वेळ लागला. हेच ईडब्ल्यूएसआर१::एटीएफ१, किंवा त्याचं भावंड ईडब्ल्यूएसआर१::सीआरईबी१, अँजिओमॅटॉइड फायब्रस हिस्टिओसायटोमा नावाच्या ट्यूमरमध्येही असतं. तो मुलांत-तरुणांत त्वचेखाली होतो आणि नीट काढला तर बहुतेक रुग्ण बरे राहतात. क्लिअर सेल सार्कोमा मात्र वर्षांनी उलटून फुप्फुसात दिसतो. फ्यूजन एकच, आजार दोन, भवितव्य दोन टोकांचं. तसंच ईटीव्ही६::एनटीआरके३: तान्ह्या बाळांच्या फायब्रोसार्कोमात ते असतं, आणि स्तनाच्या व लाळग्रंथींच्या एका कार्सिनोमातही असतं. फ्यूजन कुठल्या पेशीत झालं, यावर बरंच ठरतं. म्हणून नुसता एनजीएसचा कागद घेऊन इंटरनेटवर शोधू नका. तो कागद आणि स्लाइड एकाच माणसाने एकत्र पाहिली पाहिजे.

फ्यूजन म्हणजे कॅन्सरच, हाही समज बरोबर नाही. नोड्युलर फॅसायटिस नावाची एक गाठ असते, बऱ्याचदा हाताच्या पुढच्या भागात. दोन-तीन आठवड्यांत सुपारीएवढी वाढते, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी भराभर विभागताना दिसतात, नवख्या डोळ्याला हमखास सार्कोमा वाटतो. आणि काही महिन्यांत आपोआप विरूनही जाऊ शकते. २०११ मध्ये कळलं की तिच्यात एमवायएच९::यूएसपी६ हे फ्यूजन असतं. फ्यूजन आहे, पण जिवाला धोका नाही. माझ्याकडे एक तरुण गवंडी आला होता, त्याला हात कापावा लागेल असं कुणीतरी सांगून टाकलेलं. त्याचा हात शाबूत आहे.

काही ठिकाणी मात्र महागड्या तपासणीची गरजच पडत नाही, कारण फ्यूजनची सावली आयएचसीतच दिसते. सॉलिटरी फायब्रस ट्यूमरमध्ये नॅब२ आणि स्टॅट६ ही १२व्या गुणसूत्रावरची अगदी शेजारची जनुकं जोडली जातात. इतकी शेजारची की फिशला ती हालचाल दिसत नाही, पण स्टॅट६ प्रथिन पेशीच्या केंद्रात साचलेलं साध्या रंगाने दिसतं. सायनोव्हियल सार्कोमासाठी एसएस१८::एसएसएक्सचा सांधाच ओळखणारी अँटिबॉडी आता मिळते. आणि साधारण दोन तृतीयांश सार्कोमांत असं ठरावीक फ्यूजन नसतंच: ऑस्टिओसार्कोमा, लायोमायोसार्कोमा वगैरेंत गुणसूत्रांचा नुसता राडा असतो. साठीतल्या माणसाच्या प्रत्येक गाठीला फ्यूजन पॅनेल लावणं म्हणजे पैशाचा चुराडा. तुमच्या भाच्याच्या केसमध्ये तसं नाही.

आता तुकड्याबद्दल. आरएनए फार नाजूक असतो. बायोप्सी काढल्यावर तुकडा लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, फॉर्मॅलिन तुकड्याच्या निदान दहापट. साध्या सलाइनमध्ये ठेवून ‘उद्या पाठवू’ केलं तर तुकडा सडतो. तीन-चार दिवसांच्या सुट्टीत फॉर्मॅलिनमध्येच पडून राहिला तरी खराब होतो. हे सगळ्याच तुकड्यांचं झालं. हाडाच्या तुकड्याला आणखी एक संकट असतं: तो कापता येण्यासाठी आधी मऊ करावा लागतो. आम्ही त्याला डीकॅल्सिफिकेशन म्हणतो, तंत्रज्ञ नुसतं ‘डीकॅल’ म्हणतात. त्यासाठी नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं की काम झटपट होतं, आणि डीएनए-आरएनएची वाट लागते. ईडीटीए या सौम्य रसायनाने केलं तर वेळ लागतो, पण आतला मजकूर वाचण्यासारखा राहतो. आम्लातून गेलेल्या ब्लॉकवर फिशचे दिवे फिकट येतात किंवा येतच नाहीत. अशा रिपोर्टवर खरं तर ‘तपासणी होऊ शकली नाही’ असं लिहायला हवं. मी ‘निगेटिव्ह’ लिहिलेलेही पाहिलेत.

म्हणून तुमचं पहिलं काम असं. जिथे बायोप्सीची प्रक्रिया झाली त्या प्रयोगशाळेत जाऊन विचारा: किती ब्लॉक केले, त्यातले कुठले डीकॅल केले, आणि कशाने? गाठ स्नायूत आलेली आहे असं तुम्ही लिहिलंय, ही एका अर्थाने चांगली बातमी. त्या मऊ भागाचा तुकडा वेगळा, आम्ल न लावता ठेवलेला असेल तर तोच ब्लॉक एनजीएसला द्यायचा. आम्हाला तो ब्लॉक सोन्यासारखा. सगळंच आम्लात गेलं असेल तर एनजीएसचे पैसे भरण्याआधी ऑन्कॉलॉजिस्टशी बोला. मऊ भागातून सुईने पुन्हा नमुना घेणं स्वस्त आणि शहाणपणाचं ठरू शकतं. पुन्हा सुई लावायची तर ती पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने ठरवलेल्या वाटेनेच, कारण सुईची वाटही नंतर गाठीसोबत काढावी लागते.

एनजीएसचा रिपोर्ट आला की सगळ्यात ठळक ओळ सोडून आधी बारीक अक्षरं वाचायला सांगा. नमुन्यात ट्यूमरच्या पेशी किती टक्के होत्या? आरएनएची गुणवत्ता तपासणीत पास झाली की काठावर होती? पॅनेलमध्ये बीकॉर, सीआयसी, एफयूएस ही जनुकं आहेत का? सगळ्या कंपन्यांची पॅनेलं सारखी नसतात. काही पॅनेलं फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी बनवलेली असतात, त्यात सार्कोमाची निम्मी जनुकं नसतात, आणि ‘फ्यूजन पॅनेल’ याच नावाने ती विकली जातात. मागणीपत्रावर ‘सार्कोमा फ्यूजन पॅनेल, आरएनए’ असं स्पष्ट लिहून घ्या. आणि एखादं अनोळखी, आधी न वर्णिलेलं फ्यूजन आलं तर लगेच घाबरू नका, लगेच आनंदूही नका. कॅन्सरच्या पेशीत तुटफूट बरीच असते, त्यातल्या काही जोडण्या नुसत्या वाटसरू असतात.

निदानाने उपचारात काय फरक पडेल? लिम्फोमा निघाला तर सगळंच बदलेल, म्हणून तो आधी बाद करायचा. युइंग निघालं तर व्हिन्क्रिस्टिन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड आणि त्यांच्याशी आलटून-पालटून आयफॉस्फमाइड-इटोपोसाइड ही नेहमीची वाट, मग ऑपरेशन किंवा रेडिएशन. बीकॉरचा प्रकार याच पद्धतीच्या केमोला बऱ्यापैकी दाद देतो. सीआयसीचा तेवढी देत नाही, आणि तिथे डॉक्टर बेत वेगळा आखू शकतात. म्हणूनच मुलाची अवस्था वाट पाहण्यासारखी नसेल तर काही वेळा फ्यूजनचा रिपोर्ट यायच्या आधीच युइंगच्या पद्धतीची केमो सुरू करतात. त्यात घाई-गडबड झाली असं समजू नका. तोवर एमआरआय, छातीचा सीटी, पेट स्कॅन हे सगळं समांतर उरकतं.

फ्यूजन सापडलं की त्याचं औषधही असेल, ही आशा मात्र जपून ठेवा. काही ठिकाणी ती खरी ठरलीय. एनटीआरके फ्यूजनसाठी लॅरोट्रेक्टिनिब अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं, आणि ज्या तान्ह्या बाळांचा हात-पाय कापायची वेळ यायची त्यांतल्या कित्येकांच्या गाठी गोळ्यांनी किंवा सिरपने आकसल्या. डीएफएसपी या त्वचेच्या सार्कोमात इमॅटिनिब, इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमरमध्ये एएलके फ्यूजन असेल तर क्रिझोटिनिब. ही फ्यूजनं पेशीला सतत ‘वाढ’ म्हणणारा संदेश चालू ठेवतात, आणि तो संदेश अडवणाऱ्या गोळ्या बनवता येतात. ईडब्ल्यूएसआर१::एफएलआय१ थेट डीएनएवर बसून काम करतं, त्याला अडकवायला जागाच सापडत नाही. तीस वर्षं प्रयत्न चालू आहेत. त्याच्यावर नेम धरणारं मंजूर औषध आजही नाही.

आता आनुवंशिकतेचं. हे फ्यूजन भाच्याच्या शरीरात जन्मतः नव्हतं. ते नंतर, एका पेशीत घडलं आणि त्या पेशीच्या वंशातच राहिलं. आई-वडिलांकडून आलं नाही, बहिणीकडे गेलेलं नाही, पुढे त्याच्या मुलांकडे जाणार नाही. बहिणीच्या रक्तात ते शोधायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका. घराण्यात लहान वयात बरेच कॅन्सर झाले असतील तर ती वेगळी गोष्ट, तेव्हा जेनेटिक सल्लागाराला भेटावं, फ्यूजन असो वा नसो. तुमच्या ताईला बहुधा एक शंका खात असेल, कारण जवळजवळ प्रत्येक आईला ती खातेच: क्रिकेट खेळताना बॉल लागला होता, त्यानेच झालं का? नाही. मार लागल्यामुळे तिकडे लक्ष गेलं, गाठ आधीच होती. खाण्यापिण्यातून, मोबाइलमधून, कोणाच्या दुर्लक्षातूनही हे झालेलं नाही. हे तिला तुम्हीच सांगा, डॉक्टरांपेक्षा भावाचं ऐकेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, आणि आपल्याकडे संकोचाने कोणी बोलत नाही. वर लिहिलेल्या औषधांपैकी काही पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम करतात. १६ वर्षांच्या मुलाचं वीर्य केमोच्या आधी साठवून ठेवता येतं, एक-दोन दिवसांचं काम असतं. केमो सुरू झाल्यावर ती संधी जाते. ऑन्कॉलॉजिस्टने विषय काढला नाही तर मामाने काढावा. आई-वडिलांसमोर मुलगा लाजेल, तुमच्यासमोर कमी लाजेल.

खर्चासाठी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला विचारा की तपासणी पॅकेजमध्ये बसते का. बसत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटा, ट्रस्टांच्या मदतीचे अर्ज तेच भरून देतात. शक्य असेल तर स्लाइड आणि ब्लॉक मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, सार्कोमा रोज पाहणाऱ्या केंद्रात दुसऱ्या मतासाठी द्या. तिथे वरचे आयएचसी आधी होतील आणि कदाचित एनजीएसची नेमकी गरज किती तेही ठरेल.

ब्लॉक घ्यायला जाताना मूळ रिपोर्टची प्रत, ओळखपत्र आणि डॉक्टरांचं पत्र न्या. सगळ्या स्लाइड मागा, आयएचसीच्यासुद्धा. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवर उभं राहून जुळवा. प्रत्येक वेळी मशीनवर चढवला की ब्लॉक थोडा झिजतो आणि सुईच्या बायोप्सीत झिजवायला फारसं काही नसतं, म्हणून आयएचसी आणि एनजीएस दोन्हींचे काप एकाच वेळी काढून घ्यायची विनंती करा. आणि प्रवासात तो डबा उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ब्लॉक मेणाचा असतो.